बसऱ्याला गेलेला माणूस कागदावर कसा शोधायचा?

(या भागाचं लेखी रूप. बोलता बोलता जे राहून गेलं ते इथे भरलं आहे, आणि जिथे मी फार भरकटलो तिथे थोडं कापलं आहे.)

गेल्या महिन्याभरात एकाच प्रकारचे मेसेज इतके आले की शेवटी म्हटलं, यावर एक अख्खा भागच करू. मेसेज साधारण असा असतो: "आमचे पणजोबा लढाईवर गेले होते. घरात एक मेडल आहे, किंवा होतं. ते कुठे लढले हे कसं कळेल?"

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड, सांगली या भागात हा प्रश्न घरोघरी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं तर नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले, आणि गेले म्हणजे परत आलेच नाहीत. कोकणात आणि घाटावर कितीतरी गावांत चावडीपाशी, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाजवळ एक छोटी संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या मोठ्या लढाईला गेले, पैकी इतके कामास आले, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. नावं नसतात, नुसता आकडा. लहानपणापासून आपण त्या पाटीला टेकून गप्पा मारलेल्या असतात.

तर त्या आकड्यातला एक माणूस आपला असेल, तर त्याला शोधायचं कसं?

आधी वाईट बातमी सांगून टाकतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. एखाद्या इंग्रज सैनिकाचा पणतू लंडनमध्ये बसून जे करतो, म्हणजे नाव टाइप करायचं आणि भरतीचा कागद, उंची, छातीचं माप, सगळं स्क्रीनवर, ते आपल्याला जमत नाही. हिंदी शिपायांचे वैयक्तिक कागद लंडनला गेलेच नाहीत. ते पलटणीकडे, इथेच राहिले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स' नावाचा कित्येक किलोमीटर लांबीचा कागदांचा डोंगर आहे, पण त्यात माणूस म्हणून दिसतो तो प्रामुख्याने गोरा अधिकारी आणि गोरा सोल्जर. पंजाबची गोष्ट थोडी वेगळी. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या तीन लाखांवर पंजाबी सैनिकांच्या गाववार नोंदवह्या सापडल्या आणि २०२१ पासून त्यातल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी ऑनलाइन आल्या. आपल्या मुंबई इलाख्यासाठी तशी तयार सोय हातात नाही. म्हणून आपल्याला आडवळणाने जावं लागतं.

आडवळणाची पहिली पायरी घरातच आहे: मेडल. पहिल्या महायुद्धाचं ते गोल, जाड, चांदीचं मेडल, ज्याच्या एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा असतो, ते 'ब्रिटिश वॉर मेडल'. त्याच्यासोबत बहुतेक वेळा पितळी रंगाचं, पंखवाल्या देवीचं 'व्हिक्टरी मेडल'. बरेच जण मेडलचे पुढून-मागून फोटो काढतात. पण खरी माहिती तिथे नसतेच, ती असते कडेवर. नाण्याची कड असते ना, तशी. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मोबाइलची टॉर्च तिरकी धरा आणि मेडल हळूहळू फिरवत व्हिडिओ काढा. ती एक ओळ मिळाली की अर्धं काम झालं. मेडल चांदीऐवजी काशाचं असेल तर तो माणूस लढणारा शिपाई नसून बहुधा 'फॉलोअर' होता, म्हणजे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाला, हमाल. यात कमीपणा मानू नका. मेसोपोटेमियात पाणी पोचवणारा माणूसही गोळीच्या टप्प्यातच होता.

मेडल नसेल तर? बहुतेक घरांत नसतंच. चांदीचं होतं ना! दुष्काळात मोडलं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात त्याचे पैंजण झाले. माझ्या घरी तेच झालं. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ 'बसऱ्याला' गेले आणि आले नाहीत, एवढीच गोष्ट आमच्याकडे होती. आणि त्याला जोडून दुसरी एक गोष्ट, जी बायकाच सांगायच्या: त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या थोरल्या आजींनी, कितीतरी वर्षं कुंकू पुसलं नाही. लोक म्हणायचे पुस, त्या म्हणायच्या कागद दाखवा.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. कागद दाखवा. नवरा मेला हे त्या बाईला सांगायला सरकारला इतका वेळ का लागला असेल?

त्यासाठी 'बसरा' म्हणजे काय ते बघायला हवं. आपल्याकडे घरातल्या बोलण्यात बसरा म्हणजे सगळा इराक. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानाविरुद्ध फौज उतरली ती बसऱ्याला, आणि ती होती सहावी डिव्हिजन, जिचं नावच 'पूना डिव्हिजन'. हिच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा. ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत बगदादच्या जवळ पोचली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला प्रचंड नुकसान सोसून माघारी फिरली आणि कूट-अल-अमारा नावाच्या, नदीच्या वळणातल्या गावात येऊन बसली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तो सुटला नाही. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे हजारो लोक त्या चिखलात पडले, पण वेढा सुटला नाही.

आत खायला संपलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. आपल्या शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. धर्म हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे गावी गेल्यावर लोक काय म्हणतील ही भीती. हिंदुस्तानातून धर्मगुरूंची परवानगी मागवून ती बिनतारी संदेशाने आत कळवण्यात आली, तरी बराच काळ बहुतेकांनी हात लावला नाही. परिणाम असा की स्कर्व्हीने माणसं सुजली आणि जखमा भरेनात. गावातलं वाळीत टाकणं हजारो मैलांवरूनही किती जोरात चालतं बघा. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, त्यात बहुसंख्य हिंदी. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि पुष्कळ हिंदी कैदी रास-अल-ऐन इथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. वाटेत, छावणीत, कामावर, तापाने आणि उपासमारीने हजारो मेले. कोण कुठे पडला याची नोंद ठेवायला तिथे कुणी नव्हतं. थोरल्या आजींचा कागद का येत नव्हता, ते हे.

आता शोधाकडे. महायुद्धात मेलेल्या सैनिकासाठी सगळ्यात उपयोगी ठिकाण म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट. फुकट आहे, मोबाइलवर चालते. त्यात नाव, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारकाचं नाव आणि बऱ्याचदा एक शेवटची ओळ असते: अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका तमुक, जिल्हा सातारा. ती शेवटची ओळ म्हणजे सोनं आहे.

पण सर्च करताना आपल्या नावाच्या प्रेमात पडायचं नाही. नाव लिहिणारा कारकून बहुतेकदा मराठी नव्हता. त्याने जे ऐकलं ते इंग्रजी अक्षरांत उतरवलं. जाधवचा 'ध' कुठे 'द' होतो, कुठे शेवटचा 'व' जाऊन 'ओ' येतो. शिंदे 'सिंदे' होतात, पवार 'पोवार', चव्हाण 'चवान' किंवा थेट 'चौहान'. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव आजही अधिकृत नोंदीत 'जादव'च आहेत. खुद्द रेजिमेंटच्या नावातच 'मराठा'च्या मध्ये एक 'ह' घुसवलेला होता! गावांचं तर विचारूच नका. म्हणून नावाऐवजी पलटण आणि स्मारक यांचा फिल्टर लावा आणि यादी डोळ्यांनी वाचा. कंटाळवाणं आहे, पण एक रविवार पुरतो.

जिल्हाही तेव्हाचा धरायचा. सिंधुदुर्ग हा जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधी मालवण-कणकवलीचा माणूस रत्नागिरीचा. रायगड तेव्हा कुलाबा. तासगाव, वाळवा, खानापूर सातारा जिल्ह्यात. आणि कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध, जत ही तर संस्थानं होती, म्हणजे जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव मिळेल.

तर मी असा एक रविवार घालवला आणि आमच्या माणसाचं नाव-आडनाव असलेले तिघे निघाले. तिघेही मराठा पलटणींतले, तिघेही बसरा मेमोरियलवर. एकाचा जिल्हा वेगळा होता, तो गळला. उरलेल्या दोघांच्या गावांची स्पेलिंगं अशी होती की दोन्हीतून आमचं गाव वाचता येतं, आणि मनात आणलं तर दोन्हीतून शेजारचंही वाचता येतं. फरक फक्त बापाच्या नावात. आणि पणजोबांच्या आजोबांचं... थांबा, चुकीचं नातं नको... पणजोबांच्या वडलांचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही तुमचं आठवून बघा बरं.

इथे लष्कराचे कागद संपतात आणि गावचे सुरू होतात. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी असतात. नंदी घेऊन यायचे, आता मोटारसायकलवरही येतात. ओट्यावर बसून अख्ख्या भावकीची वंशावळ म्हणून दाखवतात, त्यांच्याकडे चोपड्या असतात. आमच्या भावकीच्या हेळव्याने पाच मिनिटांत बापाचं नाव सांगितलं. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण तोंडी माहिती आणि कागद एकमेकांना लावून बघायला हवेत. दुसरा आधार तहसील कचेरीत मिळाला: जुना फेरफार. जमीन ज्याच्या नावावर होती तो मेला की वारसाची नोंद होते. त्यासाठी मेल्याचं कारण आणि साल निदान ओझरतं येतं. १९१०-२० च्या काळातले हे कागद बऱ्याचदा मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत मोडी वाचणारे लोक गावोगाव माहीत झाले आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या. जन्म-मृत्यूसाठी 'गाव नमुना १४', म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, तेही बघा. परदेशात मेलेल्याची नोंद तिथे सहसा नसते, पण भावंडांचे जन्म मिळतात आणि बापाचं नाव पक्कं होतं.

दोघांपैकी एकाचं जुळलं. मृत्यूची तारीख १९१६ च्या उत्तरार्धातली, म्हणजे शरणागतीनंतरची, कैदेतली. आणि फेरफारातली वारस नोंद लढाई संपून गेल्यानंतरची. मधली सगळी वर्षं ती बाई बरोबर होती आणि गाव चूक होतं, असं मला वाटतं. कागद नव्हताच ना.

आता बसरा मेमोरियलबद्दल एक गोष्ट, जी मला अजून पचलेली नाही. ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांचं हे स्मारक. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची? पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. नावं छापील नोंदवहीत होती, दगडावर नव्हती. म्हणजे गावातल्या त्या संगमरवरी पाटीसारखंच. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. त्यात मान्य केलं की किमान १,१६,००० जणांचं, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या मोहिमांमधल्या माणसांचं, नावाने स्मरण झालंच नाही, आणि यामागे त्या काळचा वंशभेद होता. कमिशनने माफी मागितली. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं.

बरं, तुमचा माणूस जिवंत परत आला असेल तर या वेबसाइटवर तो सापडणार नाही. तेव्हा पलटणीच्या मागे जायचं. आणि इथे आकड्यांचा एक घोळ आहे, तो समजून घ्या. १९०३ मध्ये किचनेरने मुंबईच्या पलटणींच्या नंबरात सरळ शंभर मिळवले: ३ नंबरची १०३ झाली, १० ची ११०, १७ ची ११७. मग १९२२ मध्ये या सगळ्यांची मिळून '५ मराठा लाइट इन्फंट्री' झाली आणि बेळगाव हे तिचं केंद्र झालं. १०३ ती पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही प्रशिक्षणाची दहावी. म्हणून आजोबांच्या कागदावर '३/५' दिसलं तर तो तारखेचा आकडा नाही. पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, म्हणजे जुनी ११०, जी कूटला होती. तीच पुढे १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन आजची २ पॅरा झाली. एकच पलटण, चार नावं. जुने लोक तर टोपणनावंच सांगायचे: 'जंगी पलटण' म्हणजे पहिली, 'काली पांचवी' म्हणजे १०५.

पलटण कळली की तिची वॉर डायरी वाचता येते. रोज काय झालं ते अधिकारी लिहून ठेवायचा. पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि स्कॅन झालेल्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टलही चाळा, लष्करी खात्याच्या खूप फायली तिथे आहेत. फक्त डायरीत आपल्या माणसाचं नाव शोधू नका. गोरा लेफ्टनंट जखमी झाला की नाव येतं, सुभेदार पडला तर कधीकधी येतं, शिपायांची मात्र संख्याच. दुसऱ्या महायुद्धात तर त्याला 'आय.ओ.आर.' असं संक्षिप्त रूप आहे, इंडियन अदर रँक्स. गंमत म्हणजे इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सचंही तेच संक्षिप्त रूप! डायरीचा उपयोग वेगळा: त्या तारखेला पलटण कुठे होती, पाऊस होता का, रेशन किती होतं, हे कळतं.

दुसऱ्या महायुद्धाचं काम तुलनेने सोपं आहे, म्हणून पटकन सांगतो. तेव्हाच्या ताऱ्यांच्या आकाराच्या मेडलची फीत बघा. लाल-पांढरी-हिरवी असेल तर इटली. वाळूच्या रंगाची, मध्ये लाल पट्टा, तर आफ्रिका. मध्ये लाल आणि बाजूंना निळा-नारिंगी, तर ब्रह्मदेश. म्हणजे इटलीच्या फितीचा मराठा शिपाई बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या बटालियनचा. नाईक यशवंत घाडगे याच तिसरीचे, माणगावजवळच्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला तायबरच्या खोऱ्यात पडले, वयाच्या बाविसाव्या वर्षी, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. त्यांचा पुतळा माणगावात आहे आणि नाव इटलीत कसिनोच्या स्मारकावर, कारण कबर नाही. ब्रह्मदेशाची फीत असेल तर चौथी बटालियन तपासा, मार्च १९४४ मध्ये सांगशाकला ती जपान्यांसमोर होती. घरात डिस्चार्ज बुक असेल आणि त्यावर आर्मी नंबर असेल, तर तो नंबर घालून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. नंबराशिवाय अर्ज म्हणजे आडनावाशिवाय पुण्यात पत्ता विचारणं.

आणि मराठा पलटणींच्या बाहेरही बघा. माणूस कारागीर घरातला असेल तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये असू शकतो, त्यांच्या दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्येच फ्रान्समध्ये नव्ह शापेलला लढल्या. कोकण किनाऱ्यावरचा खलाशी असेल तर तो सैन्यात सापडणार नाही. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे, तिकडे बघा.

महार घरातल्या श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगतो. तुमच्याकडचे कागद बऱ्याचदा मराठा पलटणींहून जुने निघतील. मुंबईच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि 'नाक' या शेवटावरून ते यादीत चटकन ओळखता येतात. १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावर अशी २२ नावं आहेत, आणि ती नावं आहेत, आकडा नाही. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आजोबा मालोजीही फौजेतच. पुढे १८९० च्या दशकात ही भरती बंद केली गेली आणि तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी सरकारकडे अर्ज केले, आमच्या बापजाद्यांनी नोकरी केली हे तुमच्याच कागदात आहे, असं दाखवत. १९१७ मध्ये '१११ महार' उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावातच पुन्हा उभी राहिली. म्हणून १८९३ ते १९१७ या काळात घरातली नोकरी अचानक तुटलेली दिसली, तर तुमचा शोध चुकलाय असं समजू नका. तिथे माणसं नव्हे, भरती थांबली होती.

तुमच्याकडे मेडल, डिस्चार्ज बुक किंवा गावातल्या पाटीचा फोटो असेल तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात काही एकत्र वाचून बघू. पाठवण्याआधी घरच्यांना विचारा. मेडल ब्रासोने घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. आणि कडेचा फोटो, प्लीज, चार तुकड्यांत काढा. गोल फिरते ना ती.